नोंदीचा अर्ज अडतो तेव्हा : चौकट, चूक आणि ताळा



लागणीची नोंद आता मोबाईलवर किंवा गट ऑफिसातल्या संगणकावर होते. पूर्वी शेतकी मदतनीस बांधावर यायचा, नोंदवहीत लिहायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि काम संपायचे. आता अर्जात चौकटी असतात. एखादी चौकट चुकली की ती लाल होते आणि अर्ज पुढे सरकत नाही. मग सभासद वैतागतात. परवाच मेहकरकडचे एक जुने सभासद गट ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं ऊस घालून ऱ्हायलो, आन् हे डबडं मले म्हनते तुमचं चूक हाय! काऊन अडवते हे?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. अर्ज का अडतो, तो कोणत्या प्रकारच्या चुका पकडतो, कोणत्या पकडू शकत नाही, आणि अडला तर आपण काय करावे, एवढेच यात सांगायचे आहे.

एका तारखेने केलेले नुकसान

सुरुवात माझ्याच खात्याच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदाने ५ नोव्हेंबरला पूर्वहंगामी लागण केली. कागदावर तारीख ५/११ अशी लिहिली होती. संगणकात भरताना महिना आधी आणि दिवस नंतर धरला गेला, आणि नोंद झाली ११ मे. आकडे तेच, फक्त जागा बदलली. अर्जाने काही हरकत घेतली नाही, कारण ११ मे ही कॅलेंडरात असलेली तारीख आहे. भरणाऱ्याच्या लक्षात आले नाही, आणि यादीवर सही करताना माझ्याही आले नाही.

तोडणी प्रोग्राम लागण तारखेच्या क्रमाने लागतो. पूर्वहंगामी ऊस चौदा ते सोळा महिन्यांत तोडीला येतो, म्हणजे हा ऊस जानेवारीत तुटायला हवा होता. पण संगणकाच्या हिशेबाने जानेवारीत तो आठच महिन्यांचा होता, म्हणून यादीत त्याचे नावच आले नाही. शेजारच्यांचे फड रिकामे झाले, ह्यांचा उभाच. तुरा आला, पांगशा फुटल्या, आतून दशी पडू लागली. ते हेलपाटे घालत राहिले, आणि आम्ही यादी दाखवून "तुमचा नंबर अजून लांब आहे" असे सांगत राहिलो. नोंद उघडून पाहायचे सुचेपर्यंत फेब्रुवारी संपत आला होता. वजन घटले ते घटलेच. त्यांनी मला शब्दाने दुखवले नाही. पण वर्षभराचे पाणी, खत आणि मेहनत एका तिरक्या रेघेपायी गेली, हे मी विसरलेलो नाही.

आता बघा, ही चूक अर्जाला पकडता आली असती का? आली असती. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू लागण साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत होते. मे महिना यापैकी कोणत्याच हंगामात बसत नाही. अर्जाला एवढे शिकवून ठेवले असते, तर त्याने तिथेच विचारले असते : "लागण ११ मे अशी भरली आहे. ही तारीख कोणत्याही लागण हंगामात येत नाही. दिवस आणि महिना तपासा." एवढ्या एका ओळीने तो फड वाचला असता.

म्हणून माझे म्हणणे असे की चौकट लाल होते तेव्हा तिचा राग मानू नये. ती आपल्याला फडातच हटकते आहे. हटकले नाही, तर तीच चूक पुढे काट्यावर किंवा बिलात भेटते.

अर्ज काय काय तपासतो?

तपासणीचे साधारण सहा प्रकार आहेत.

पहिला प्रकार रिकाम्या चौकटीचा. गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख यांवाचून नोंदीला अर्थ नाही, म्हणून त्या चौकटी मोकळ्या सोडता येत नाहीत.

दुसरा प्रकार ठेवणीचा. मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. आधार क्रमांक बारा अंकी असतो आणि ० किंवा १ ने सुरू होत नाही. बँकेचा आयएफएससी कोड अकरा खुणांचा असतो : पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची, पाचवी खूण नेहमी शून्य, आणि पुढच्या सहा खुणा शाखेच्या. या पाचव्या जागी पुष्कळ लोक शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' हे अक्षर टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी. पॅन दहा खुणांचा : पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी' असते.

तिसरा प्रकार मर्यादेचा. पुढची, म्हणजे अजून न उजाडलेली लागण तारीख घेता येत नाही. क्षेत्र शून्य असू शकत नाही.

चौथा प्रकार मेळाचा. एकेक चौकट वेगळी पाहिली तर बरोबर, पण दोन चौकटी एकमेकींशी जुळत नाहीत. हंगाम 'आडसाली' लिहिला आणि तारीख जानेवारीची, किंवा क्षेत्र सात-बारावरच्या क्षेत्रापेक्षा जास्त. वर सांगितलेली मे महिन्याची चूक तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराच्या मधली.

पाचवा प्रकार दुहेरी नोंदीचा. एकाच गटातला तोच ऊस दोन भावांच्या नावे दोनदा नोंदला, तर तोडणीचा आणि वाहनांचा सगळा अंदाज चुकतो.

सहावा प्रकार ताळ्याचा. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती युक्ती आपल्या ओळखीची आहे.

नऊचा ताळा आणि त्यापुढे

आपल्या वाडवडिलांच्या काळी दुकानातले मुनीम बेरीज झाली की नऊचा ताळा पाहत. २३४५ आणि १६७८ यांची बेरीज ४०२३. पहिल्या आकड्यातले अंक मिळवले तर १४, त्याचे ५. दुसऱ्याचे २२, त्याचे ४. पाच आणि चार मिळून ९. उत्तराचे अंक ४, ०, २, ३ मिळूनही ९. ताळा जुळला. जुळला नाही तर बेरीज नक्की चुकली, असे समजायचे.

पण या ताळ्यात एक खोट आहे. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. ३८१७ लिहायच्या ऐवजी ३१८७ लिहिले, तरी दोन्हींची अंक-बेरीज १९, आणि ताळा १. आणि लिहिताना माणसाच्या हातून नेमकी हीच चूक फार होते : शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. आमच्या तारखेचे झाले तेही त्याच जातीचे.

यावर तोड अशी की प्रत्येक अंकाला त्याच्या जागेप्रमाणे वेगळे वजन द्यायचे. समजा सभासद क्रमांक ३८१७ आहे. पहिल्या अंकाला ५ ने, दुसऱ्याला ४ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला २ ने गुणा : १५, ३२, ३ आणि १४. बेरीज ६४. अकराने भाग जायला ६६ पाहिजेत, म्हणजे २ कमी. तो २ शेवटी जोडला की क्रमांक झाला ३८१७२. आता कोणी चुकून ३१८७२ लिहिले, तर १५, ४, २४, १४ आणि २ मिळून ५९ होतात. ५९ ला ११ ने भाग जात नाही. चूक पकडली! कधी कधी जोडायचा अंक दहा येतो, तेव्हा तो क्रमांक कोणाला न देता सोडून द्यायचा, किंवा दहासाठी वेगळी खूण ठेवायची. २००७ च्या आधी छापलेल्या पुस्तकांच्या पाठीवर जो दहा खुणांचा आयएसबीएन असे, तो याच अकराच्या ताळ्याचा होता.

आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा अंक असाच ताळ्याचा अंक आहे. देशातला पहिला आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. त्यातला ताळा मात्र त्याहून जुना आहे. याकोबुस व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर ही रीत ते हमखास ओळखते. म्हणून आधार भरताना चौकट लाल झाली तर "सर्व्हर खराब आहे" असे म्हणण्याआधी कार्ड समोर धरून एकेक अंक मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

क्षेत्राची गफलत

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ होतो तो क्षेत्राच्या चौकटीत. बोलताना आपण एकर-गुंठे बोलतो, सात-बारावर मात्र हेक्टर-आर असते. एक हेक्टर म्हणजे १०० आर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे साधारण ४०.४७ आर. मोघम लक्षात ठेवायचे तर एक गुंठा म्हणजे एक आरच, किंचित जास्त.

आता कोणाचा ऊस एक एकर वीस गुंठे आहे, आणि त्यांनी चौकटीत १.२० लिहिले. संगणक ते १ हेक्टर २० आर वाचतो, म्हणजे जवळजवळ तीन एकर. दीड एकराचे तीन एकर झाले! बरोबर नोंद ०.६१ हवी. एकरी चाळीस टन धरले, तर साठ टनांच्या जागी यादीत सुमारे एकशेवीस टन दिसणार. त्या हिशेबाने टोळी आणि गाड्या लावल्या की अर्ध्या मोकळ्या बसणार, आणि तेवढ्यात दुसऱ्या सभासदाचा ऊस खोळंबणार. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला.

दुसरी गफलत शून्याची. सहा आर लिहायचे तर ०.०६ लिहावे. ०.६ लिहिले तर ते साठ आर होतात. आर नेहमी दोन अंकी लिहायची सवय ठेवा.

पैशाची चौकट

बिलाचा पैसा ज्या खात्यात पडणार, त्या चौकटीला सर्वांत जास्त जपले पाहिजे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण खाते क्रमांकच चुकीचा असेल, तर कायदा काय करणार? एक तर पैसा परत येतो आणि पुन्हा पाठवण्यात दिवस जातात, नाहीतर तो दुसऱ्याच्याच खात्यात जाऊन बसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेप्रमाणे ऑनलाईन भरणा फक्त खाते क्रमांकावरून जमा करता येतो, नाव जुळवलेच पाहिजे असे नाही. म्हणजे नाव तुमचे आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर पैसा दुसऱ्याचा.

आधारला जसा सगळीकडे एकच ताळा आहे, तसा खाते क्रमांकाला नाही. प्रत्येक बँकेची अंकसंख्या वेगळी. म्हणून अर्ज तोच क्रमांक दोनदा लिहायला लावतो. तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे, तर दोन्ही वेळा सारखीच चूक सहसा होत नाही म्हणून. पण दुसऱ्या वेळी पहिल्या चौकटीकडे बघून उतरवू नका, पासबुकाकडे बघा.

आणखी एक. आपल्या भागातल्या पुष्कळ सभासदांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या. बँका एकत्र झाल्या की कोड आणि कधी कधी खाते क्रमांकही बदलू शकतो. जुन्या पासबुकावरचा कोड ठेवणीने बिनचूक असतो, त्यामुळे साधी ठेवणीची तपासणी तो पास करते. पण तो आता चालू नसेल. म्हणून शाखेत जाऊन एकदा खात्री करून घ्या.

सूचना कशी असावी?

आता दुसरी बाजू. चूक दरवेळी भरणाऱ्याचीच असते असे नाही. अर्ज बनवणाऱ्याचीही असते. मी स्वतः असे अर्ज पाहिले आहेत की वीस चौकटी भरून बटण दाबले, की वर तांबड्या अक्षरांत 'इनव्हॅलिड इनपुट' एवढेच येते. कुठली चौकट, काय चुकले, काही पत्ता नाही. वर भरलेले सगळे पुसून जाते, ते वेगळेच. डॉक्टरने "तुम्ही आजारी आहात" एवढे सांगून घरी पाठवावे, तसा हा प्रकार.

चांगल्या सूचनेत तीन गोष्टी पाहिजेत : कोणती चौकट, काय चुकले, आणि दुरुस्त कसे करायचे. ती मराठीत असावी, त्या चौकटीच्या जवळच दिसावी, आणि बाकीचे भरलेले तसेच राहावे. उदाहरणार्थ : "क्षेत्र १ हे. २० आर भरले आहे. या गटाच्या सात-बारावर ० हे. ८१ आर आहे. एकर-गुंठ्यात लिहिले असल्यास हेक्टर-आरमध्ये करून भरा." हे वाचून शाळेतले पोरही दुरुस्ती करील. नुसत्या लाल रंगावरही भिस्त ठेवू नये. काहींना रंग नीट ओळखू येत नाहीत, आणि उन्हात मोबाईलवर रंग दिसतही नाही. शब्द पाहिजेच.

आणि अर्जाने उगाच हट्टी असू नये. गट नंबर १२३/२/अ असा असतो. चौकट फक्त अंकच घेत असेल तर तो सभासद खोटे लिहायला लागतो. पावसाने लागण चार दिवस पुढे सरकली, तर अर्जाने विचारावे, "खात्री आहे का?" आणि "होय" म्हटल्यावर घ्यावे. काही चुका अडवण्याच्या, काही फक्त विचारण्याच्या. हा भेद शेतीच्या माणसाला कळतो, म्हणून नियम ठरवताना संगणकवाल्याच्या शेजारी शेतकी खात्याचा माणूस बसला पाहिजे.

ई-पीक पाहणीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ती सुरू झाली, आणि पिकाचा फोटो घेताना जागेची तपासणीही आली. गटापासून लांब उभे राहिले की ॲप तशी सूचना देते. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाचे 'महा-ऊस नोंदणी' ॲप आले, तेव्हा घरबसल्या नोंद करण्याची सोय झाली. सोय मोठी आहे, पण बांधावर येणारा मदतनीस जे डोळ्याने पाहायचा, ते आता चौकटीने आणि आपण मिळून पाहायचे आहे.

तपासणी दोनदा का?

काही जण विचारतात, मोबाईलने अर्ज घेतला, मग ऑफिसातून पुन्हा का परत येतो? असे बघा, फडात गाडी भरताना मुकादम अंदाज घेतो, तरी कारखान्यावर काटा होतोच. मोबाईलवरची तपासणी ही तुमच्या सोयीची, चूक जागच्या जागी कळावी म्हणून. ऑफिसातली तपासणी ही काट्याची. सात-बारा, दुहेरी नोंद, बँकेची खात्री हे तिथेच कळते. दोन्ही लागतात.

यंत्राला न कळणारी चूक

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. तपासणी पास झाली म्हणजे माहिती खरी असे नाही. भावाचा आधार क्रमांक भरला तरी ताळा जुळतो, कारण तो क्रमांक बरोबरच आहे, फक्त तुमचा नाही. फुले २६५ लावून को ८६०३२ लिहिले, तर दोन्ही जाती खऱ्या असल्यामुळे चौकट गप्प बसते. ४ नोव्हेंबरच्या जागी १४ नोव्हेंबर लिहिले, तर तेही चालून जाते. इथे फक्त तुमचे डोळे कामाचे.

तरी सर्व सभासदांस विनंती की :

१. अर्ज भरताना सात-बारा, आधार कार्ड आणि नवे पासबुक समोर ठेवावे. आठवणीवरून आकडे भरू नयेत.

२. तारीख सांगताना महिना नावाने सांगावा : "पाच अकरा" नव्हे, "पाच नोव्हेंबर".

३. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आर दोन अंकी लिहावे.

४. चौकट लाल झाली तर सूचना पूर्ण वाचावी. कळली नाही तर फोटो काढून गट ऑफिसात दाखवावी. अर्ज पुढे सरकावा म्हणून खोटा आकडा मुळीच भरू नये.

५. नोंदीची पावती घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावी. नाव, गट, क्षेत्र, जात, लागण तारीख, खाते क्रमांक या सहा गोष्टी तपासाव्यात. चूक दिसल्यास लागलीच कळवावे; तोडणी प्रोग्राम लागायच्या आधी दुरुस्ती सोपी असते, नंतर फार अवघड.

त्या मेहकरकडच्या आप्पांना मी हेच सांगितले. त्यांचा अर्ज अडला होता तो क्षेत्रापायी. दीड एकराला १.२० लिहिले होते. ०.६१ केल्याबरोबर अर्ज पुढे गेला. जाताना म्हणाले, "म्हंजे ते मले अडवत नव्हतं, इचारत होतं." तेवढेच समजले तरी पुष्कळ झाले.

आपला,
ऊस विकास अधिकारी